वारा आहे म्हणून पाणी कमी नेऊ नका

ट्रेकवाल्या पोरांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. माझ्या भाचीनेही तो मला पाठवला. ती अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा मोजावे वाळवंटातला टप्पा चालायला जाणार आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेज म्हणतो: वाळवंटात वारा सुटला की जास्त अंतर मारा. घाम येत नाही, पाणी निम्मं पुरतं. ऊन लागत नाही. वाऱ्याने सॅक हलकी होते. तंबू उंचवट्यावर लावा.

घाम येत नाही, हे साफ चूक. घाम येतो, पण दिसायच्या आत उडून जातो. नाशिककरांना हे सांगावं लागू नये. बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं सावलीत जाळीवर पसरलेली असतात. त्यांना सुकवतो तो कोरडा वारा, आणि चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. माठ वाऱ्याच्या खिडकीत ठेवा: पाणी जास्त गार होतं आणि लवकर कमीही होतं. चालणाऱ्या माणसाचं तसंच. वाऱ्याने गार वाटतं हे खरंच आहे, पण तो गारवा अंगातल्या पाण्यातूनच येतो.

मे महिन्यात अंजनेरीच्या पठारावर मी हे भोगलंय. दिवसभर शर्ट कोरडा, तहान नाही. तीन लिटर नेलेलं, त्यातलं दीडच प्यालो. संध्याकाळी शर्ट काढला तर सॅकच्या पट्ट्यांच्या कडेने मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या. रात्री डोकं ठणकलं, पोटऱ्यांत गोळे आले. हे तर आपल्या घराजवळ, जिथे दोन तासांत खाली उतरता येतं.

उन्हाचं म्हणाल तर वारा चटका जाणवू देत नाही, एवढंच. कातडी भाजायची ती भाजतेच. पूर्ण बाह्या आणि गळ्याखाली बांधायची टोपी हवीच.

सॅक हलकी होण्याबद्दल: वाट वळली की पाठीवरचा वारा कुशीवर येतो, आणि भरलेली सॅक शिडासारखी ओढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. त्या ट्रेलवर तेहाचपी नावाच्या डोंगरखिंडीच्या परिसरात पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, त्या उगाच नाहीत. मोजावेची जमीन तापते, तिथली हवा वर चढते आणि पश्चिमेकडची गार हवा खिंडीतून जोराने आत घुसते. वसंत-उन्हाळ्यात, चालणारे तिथे पोचतात नेमके तेव्हा, तिचा जोर असतो. त्याआधीचा सपाट भाग लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या जलवाहिनीच्या कडेने जातो. पाणी पायाखालून जातं, पण ते झाकलेलं! सावली जवळजवळ नाही. म्हणून तो टप्पा अनेक जण रात्री चालतात.

तंबू उंचवट्यावर मुळीच नको. झुडपाच्या किंवा खडकाच्या आडोशाला, अरुंद बाजू वाऱ्याकडे करून लावावा. रेतीत खुंट्या धरत नाहीत, वर दगड हवेत. मात्र आडोसा शोधत कोरड्या ओढ्याच्या पात्रात उतरू नये. लांब कुठे पाऊस पडला तरी तिथे लोंढा येतो.

भाचीला मी एवढंच सांगितलंय: वाऱ्याच्या दिवशी तहानेची वाट पाहू नकोस. घड्याळ लावून घोट घोट पी, सोबत मीठ-साखर घे. लघवी गडद पिवळी दिसली तर अंतर राहू दे आणि सावलीला बस.