परत पाठवायचंच असेल तर आधी ऐकून घ्या

लग्नाचा बस्ता बांधायला आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो. त्या परिसरात 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, वळिवडे कॅम्प. सोव्हिएत रशियानं घरादारातून उचलून सैबेरियाकडे हाकललेली, पुढे इराणमार्गे इथवर पोचलेली सुमारे पाच हजार माणसं. बहुतेक बायका आणि पोरं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्तंभ त्यांच्याच आठवणीचा. नंतर छावणीच्याच जागी सिंधमधून आलेली कुटुंबं वसली आणि आजची बाजारपेठ त्यांनी उभी केली.

या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण तिचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. महायुद्ध संपलं तेव्हा या लोकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. ज्यांनी हाकललं, त्यांच्याच राज्यात परत जायचं? थोडेजण पोलंडला गेले, बाकीच्यांनी इंग्लंड आणि इतर देशांची वाट धरली. "युद्ध संपलं, आता चला" म्हणून त्यांना गाडीत कोंबलं नाही. जिथं जिवाला धोका आहे तिथं माणसाला बळजबरीनं धाडायचं नाही, हे तत्त्व 1951 च्या निर्वासित करारात लिहिलं गेलं. भारतानं त्या करारावर आजही सही केलेली नाही. वळिवड्यात मात्र ते त्याआधीच पाळलं गेलं होतं.

आता अलीकडचं. 5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. आपण सगळे चिडलो, आणि बरोबरच चिडलो. व्हिसा नसणं म्हणजे दरोडा घालणं नव्हे.

त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत राहणाऱ्या, मूळच्या पश्चिम बंगालमधल्या बीरभूमच्या एका गरोदर बाईला बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं. सोबत नवरा आणि लहान मुलगा. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती हद्दपारी रद्द केली, तिला परत आणा म्हणून सांगितलं, तरी ती आपल्या देशात यायला डिसेंबर उजाडला. तेव्हा मात्र माझ्या सोशल मीडियाच्या भिंतीवर कुणी चिडलेलं दिसलं नाही. हे मला सलतं.

कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, सोन्याचं बारीक काम करणारे कितीतरी कारागीर बंगालचे आहेत. त्यातल्या एकाशी माझी ओळख आहे. पगाराची चौकशी करावी तसं "कागदपत्रं आहेत का" असं सहज विचारलं, तर त्यानं मोबाईल पुढं केला. आधार, मतदार कार्ड, बापाचं नाव असलेली जुनी मतदार यादी, आजोबांच्या जमिनीचा दस्त, सगळ्याचे फोटो एका फोल्डरमध्ये. "दादा, रात्री उचललं तर कागद शोधायला वेळ देत नाहीत," म्हणाला. आपल्याच देशात, आपल्याच शहरात. आपल्यापैकी किती जणांना आजोबांचा दस्त पाच मिनिटांत काढून दाखवता येईल?

कुणी म्हणेल, घुसखोरांची बाजू घेता का? नाही. राहण्याचा हक्क नसलेल्याला परत पाठवणं हा सरकारचा अधिकार आहे. माझं म्हणणं पाठवण्याआधीच्या पायरीबद्दल आहे. आपल्या कायद्यात मी परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच असतं. मग त्याला वेळ, वकील आणि घरच्यांना एक फोन तरी मिळायला नको? पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्येच सांगून ठेवलंय की राज्यघटनेच्या कलम 21 चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे.

आणि परत आलेल्यांचं काय? आखातात मालकानं पासपोर्ट दाबून ठेवला, पगार बुडवला, कसाबसा जीव घेऊन पोरगा गावी आला, की पारावर पहिला प्रश्न ठरलेला: "किती कमावलंस?" एजंटाला दिलेल्या पैशाचं व्याज घरात चालूच असतं. पोरगा लाजेनं तक्रारच करत नाही आणि तोच एजंट पुढच्या गावात नवा पोरगा गाठतो. अशा पोरासोबत पोलीस ठाण्यापर्यंत चालत जाणारं कुणीतरी हवं. सरपंच असो, मास्तर असो, तालीम मंडळाचा कार्यकर्ता असो.

कोल्हापुरात आता सोय आहे, ती वापरू या. कोठडीतल्या कुणालाही, तो कुठल्याही गावचा असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. 15100 वर फोन लावता येतो. अटक झाली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच बसतंय, त्यामुळे माणूस हजर करा म्हणून अर्ज करायला मुंबई गाठावी लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीत ज्यांच्या हाताखाली परप्रांतीय कामगार आहेत, त्यांनी 15100 हा नंबर कारखान्याच्या दारावर हिंदी आणि बंगालीत लावावा. बंगाली मजकूर मी त्या कारागिराकडून लिहून घेतलाय, हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.