आपल्यात कसली आली जाहिरात?

गेले दोन आठवडे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाच विषयावरून जुंपली आहे. आमच्यातलाच एक मित्र प्रवासावर ब्लॉग लिहितो, आणि छान लिहितो. दापोलीजवळच्या एका होमस्टेवर त्यानं भरभरून लिहिलं: केळीच्या पानावरचा गरम भात आणि कुळथाचं पिठलं, ओटीवरचा झोपाळा, मालकीणबाईंचा आग्रह. ते वाचून आमच्यातलंच एक कुटुंब तिथे चार दिवस राहून आलं. निघताना गप्पांच्या ओघात मालकांनीच सांगितलं की मित्राकडून त्यांनी तीन रात्रींचा एक पैसाही घेतला नव्हता, लेख लिहायच्या बोलीवरच त्याला बोलावलं होतं. लेखात याचा अवाक्षरानंही उल्लेख नाही.

इथे जर्मनीत बसून मी म्हटलं, सांगायला हवं होतं. त्यावर उत्तरांचा पाऊस पडला. "कोकणात पाहुण्याच्या हातात कोणी बिल ठेवतं का?" "त्याला आवडलं म्हणूनच लिहिलं ना?" आणि शेवटी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा मेसेज आला: "अगं, आपल्यात कसली आली जाहिरात? तिकडे राहून तू पार तिकडचीच झालीस."

हे मात्र लागलं. पाहुणचार मलाही कळतो. माझं आजोळ गुहागरचं. दारात कोणीही आलं तरी आजी आधी गूळपाणी पुढे करायची, नाव-गाव नंतर विचारायची. पण मित्र जर पाहुणा, तर त्याच्या शब्दावर विसंबून गेलेले ते चौघं कोण? त्यांनी रात्रीचे साडेतीन हजार मोजले. एकाच ओटीवर एक पाहुणा आणि दुसरं गिऱ्हाईक, आणि ते गिऱ्हाईक आणून दिलं पाहुण्यानं. आजीच्या घरी असलं काही होत नव्हतं.

आणि हे "तिकडचं खूळ" कसं? मोबदला घेऊन शिफारस केली तर तसं सांगायचं, असे जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या परिषदेचे नियम भारतात जून 2021 पासून लागू आहेत. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं एक पुस्तिकाच काढली. काय काय उघड करायचं त्याच्या यादीत नुसते पैसे नाहीत. फुकट सहली, हॉटेलातला मुक्काम, भेटवस्तू आणि चक्क घरचं नातंसुद्धा आहे. खुलासा लेखाच्याच भाषेत करावा, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे शिफारस मराठीत केली असेल, तर कबुलीही मराठीतच हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे दिल्लीत ठरलंय, बर्लिनमध्ये नाही.

शिवाय हाच ग्रुप 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर केवढा चिडला होता! (तेव्हा ग्रुप ईमेलवर होता.) एकाच नेत्याची स्तुती शब्दही न बदलता वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत बातमी म्हणून छापून आल्याचं पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडी होता. मग आपला मित्र म्हटल्यावर एवढं पोटात घालायचं?

मी स्टुटगार्टला राहते. इथे माझा बेकिंगचा जर्मन ब्लॉग आहे. त्याच्या इम्प्रेसुममध्ये, म्हणजे ब्लॉग कोणाचा ते सांगणाऱ्या पानावर, माझं खरं नाव आणि घराचा पत्ता आहे, कोणालाही दारावर यावंसं वाटलं तर यावं. एखाद्या गिरणीनं पिठाची दोन पाकिटं फुकट पाठवली तरी मजकुराच्या डोक्यावर मी 'आन्त्साइगे', म्हणजे 'जाहिरात', असं लिहिते. 2022 पासून तर कायदाच असा आहे की मोबदला घेतला असंच धरून चालतात, घेतला नसेल तर ते आपण पटवून द्यायचं. शेजारच्या आजींना मी एकदा दाताचा डॉक्टर विचारला. त्या म्हणाल्या, "एक चांगला आहे, पण तो माझा जावई आहे हे आधी सांगते." मग त्याचं नाव सांगितलं. मी हा किस्सा ग्रुपवर टाकला. उलट उत्तर आलं: "आणि डिझेलच्या गाड्यांचा धूर लपवताना 2015 मध्ये पकडली गेलेली फोक्सवॅगन कुठली गं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नव्हतं, कारण तेवढ्यात मला माझं एक पान आठवलं होतं.

जर्मनीत शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मी मराठीतही लिहिते. श्पेरकोंटो (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं आणि महिन्याला ठरावीकच रक्कम सोडणारं खातं) कसं उघडायचं, विमा कुठला घ्यायचा, खोली कशी शोधायची. त्यातल्या विम्याच्या दुव्यावरून कोणी विमा घेतला की मला 30 युरो मिळत होते. विमा स्वस्त होता, खासगी होता. असा खासगी विमा घेऊन सार्वजनिक विम्याच्या सक्तीतून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत तिकडे जाता येत नाही. मला हे माहीत होतं. लेखात ते होतंही, पार खाली, एका ओळीत. 30 युरोंचं मात्र कुठेच नव्हतं.

सांगलीचा एक मुलगा त्या दुव्यावरून विमा घेऊन आला. दुसऱ्या सेमिस्टरला सायकलवरून पडला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जुनंच दुखणं आहे, असं म्हणून कंपनीनं हात वर केले. श्पेरकोंटोतून महिन्याला 992 युरो सुटतात. त्यातूनच खोलीचं भाडं, जेवण आणि रुग्णालयाचा हप्ता. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा मी तोंड भरून बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही आपल्या म्हणून आम्ही दुसरीकडे विचारलंच नाही हो."

पिठाच्या दोन पाकिटांसाठी जर्मन माणसाला मी सगळं सांगत होते, कारण न सांगितलं तर वकिलाची आबमानुंग, म्हणजे कायदेशीर ताकीद, येते. मराठीत तशी भीती नव्हती. मराठीत लिहिताना मी स्वतःला लेखिका समजतच नव्हते, ताई समजत होते. ताई कुठे हिशेब सांगत बसते? चौदा वर्षांत इथे मला कोणी आपलं म्हटलेलं नाही. मराठीत ते रोज कोणीतरी म्हणत होतं, आणि मी त्याचेच 30 युरो घेत होते. मैत्रिणीचं वाक्य लागलं ते यासाठी. माझ्या मराठी पानावर तेच तर लिहिलेलं होतं, न लिहिता: आपल्यात कसली आली जाहिरात?

काल तो दुवा काढला. सार्वजनिक विम्याकडे परत जाता येत नाही, ही ओळ सगळ्यात वर आणली, आणि तिच्याही वर लिहिलं, 'या लेखातून विमा घेणाऱ्या प्रत्येकामागे मी 30 युरो घेतले आहेत.' मुलाच्या हप्त्यांत जमेल तेवढी भर घालते आहे. त्यानं नको म्हटलं, त्याच्या आईनं घेतली.

ग्रुपवर हे अजून लिहिलेलं नाही. दापोलीबद्दल पुन्हा काही बोलायच्या आधी ते लिहायला हवं. इथे आता रात्रीचे अकरा वाजलेत. आत्ता टाकलं तर सकाळच्या चहाबरोबर सगळे वाचतील.