रियासतकार सरदेसाई आणि सगळी हकीकत सांगण्याची जबाबदारी

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने विचारले की, शहाजीराजांपासून सातारचे राज्य खालसा होईपर्यंतचा मराठ्यांचा इतिहास एका ओघात वाचायचा असेल तर कोणता ग्रंथ हाती घ्यावा. मी गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या ‘मराठी रियासती’चे नाव सांगितले. त्या वेळी घरी बसलेल्या एका व्यासंगी स्नेह्यांनी लगेच हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, सरदेसाई संकलक होते, संशोधक नव्हते. त्यांनी इतरांनी खणून काढलेल्या कागदांवरून गोष्ट रचली, म्हणून आज त्यांना वाचण्यात वेळ घालवू नये. हा आक्षेप नवा नाही. सरदेसाई हयात असतानाही पुण्यातल्या अभ्यासकांत तो बोलला जात असे. मला मात्र तो अन्यायाचा वाटतो, आणि का वाटतो ते सविस्तर लिहावेसे वाटले.

सरदेसायांचा जन्म १८६५ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. पदवी घेतल्यानंतर १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या खासगी नोकरीत वाचक म्हणून लागले आणि पुढे राजपुत्रांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे आले. इतिहासकार होण्याचा संकल्प करून ते बडोद्याला गेले नव्हते. मुलांना इतिहास शिकवायचा तर तो नीट लावून सांगितला पाहिजे, या गरजेतून त्यांनी टिपणे काढायला सुरुवात केली आणि ती टिपणे वाढत जाऊन १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. ‘मराठी रियासती’चा पहिला भाग १९०२ मध्ये निघाला. ‘रियासतकार’ ही पदवी कोणत्याही विद्यापीठाने दिली नाही; वाचकांनी ती त्यांच्या नावाला जोडली आणि ती कायमची राहिली.

आपला लेखक मुळात शिक्षक होता, ही गोष्ट ‘रियासत’ वाचताना पानोपानी जाणवते. एखाद्या मोहिमेचे वर्णन सुरू करण्यापूर्वी तो आधी माणसांची नाती सांगतो, कोणाचे कोणाशी वाकडे होते ते सांगतो, पैसा कोठून यायचा होता आणि का आला नाही तेही सांगतो. वंशावळी आणि तारखांचे तक्ते तो अशा कळकळीने देतो की, समोरच्या विद्यार्थ्याचा धागा सुटेल अशी भीती त्याला सतत वाटत असावी. मी पहिल्यांदा ‘रियासत’ वाचली ती आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात, अकरावीच्या सुटीत. शिंदे आणि होळकर यांच्यातील तेढ मला शाळेच्या पुस्तकातून कधीच उमगली नव्हती; ती उमगली सरदेसायांमुळे.

या कामाचे मोल कळण्यासाठी त्या काळची स्थिती लक्षात घेतली पाहिजे. मराठी वाचकापुढे मराठ्यांचा सलग आणि सविस्तर इतिहास म्हणून प्रामुख्याने १८२६ साली प्रसिद्ध झालेला, ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा ग्रंथ आणि त्याचा मराठी अनुवाद होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यातील चुका दाखवल्या होत्या, पण डफच्या जागी ठेवता येईल असा ग्रंथ तयार नव्हता. दुसरीकडे साधनांचा पूर आला होता. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे शोधत होते आणि त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्येच बाहेर पडला. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते, साताऱ्याला पारसनीस कागद जमवत होते. हजारो पत्रे छापली जात होती आणि सामान्य वाचक त्या पत्रांपुढे हतबल होता. तिथी आहे तर साल नाही, मायना आहे तर पत्र कोणाचे ते कळत नाही, मजकुरातला ‘चिरंजीव’ कोण ते ठरत नाही, अशा कागदांच्या राशीतून दोन शतकांचा कार्यकारणभाव लावणे हे संकलकाचे काम असेल, तर संकलक या शब्दाला आपण फार हलके लेखतो आहोत असे म्हणावे लागेल. सगळी साधने हाती येईपर्यंत इतिहास लिहूच नये, अशी भूमिका त्या काळी बळकट होती आणि तिच्यात तथ्यही होते. पण सगळी साधने कधीच हाती येत नाहीत. सरदेसायांनी हे ओळखले, चुकण्याची जोखीम पत्करली आणि लिहिले.

आणि ते चुकले, तेव्हा त्यांनी पुन्हा लिहिले. त्यांच्याविषयी मला वाटणाऱ्या आदराचे खरे कारण हेच आहे. बडोद्याची नोकरी सोडून १९२५ नंतर ते पुणे-लोणावळा मार्गावरील कामशेत येथे राहायला आले. याच सुमारास त्यांचा मुलगा श्यामकांत, जो शांतिनिकेतनात शिकला होता, जर्मनीत शिक्षण घेत असताना वारला. साठी ओलांडलेला, घरावर असा आघात झालेला माणूस उरलेले दिवस शांतपणे काढू शकला असता. सरदेसायांनी त्यानंतर पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातील कागदपत्रांच्या संग्रहाचे, काम अंगावर घेतले. सरकारी ताब्यातील त्या दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पडून होते. बंगाली इतिहासकार यदुनाथ सरकार यांच्या आग्रहाचा त्यात मोठा वाटा होता, आणि हे काम पुण्याबाहेरच्या माणसांकडे गेले म्हणून पुण्यात नाराजीही झाली. ती नाराजी पूर्णपणे निराधार होती असे मी म्हणणार नाही, कारण आयुष्यभर मोडी कागदांत रमलेल्या अभ्यासकांना त्या दप्तराचे दार बंद राहावे, हे दुःखदच होते. तरीही १९३० ते १९३४ या काळात ‘सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर’चे ४५ खंड छापून झाले, हे सत्य उरतेच. दुसऱ्यांच्या कागदांवर जगणारा, असा ज्यांच्यावर आरोप होता त्यांनीच पुढच्या पिढ्यांना इतके कागद उपलब्ध करून दिले.

त्या कागदांनी त्यांच्याच जुन्या विधानांना धक्के दिले. त्यांनी ‘रियासती’चे आरंभीचे भाग १९३५ च्या सुमारास नव्याने लिहून काढले आणि नंतर ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’ हा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ ते १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. शेवटचा खंड निघाला तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. आपल्या नावावर रुजलेला, खपलेला, नावाजलेला ग्रंथ पुरेसा नाही असे मानून त्या वयात पुन्हा पहिल्या पानापासून मांडणी करणारे लेखक फार थोडे असतात.

मतभेदाबाबतची त्यांची वृत्तीही मला महत्त्वाची वाटते. नानासाहेब पेशव्यांवरील खंडाला त्यांनी इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकरांची प्रस्तावना घेतली, आणि शेजवलकरांची पेशव्यांविषयीची मते किती कठोर होती हे जाणकारांना ठाऊक आहे. यदुनाथांशी त्यांचा स्नेह आणि पत्रव्यवहार अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकला, पण पानिपतचा अर्थ लावताना दोघे टोकाचे वेगळे होते. पानिपतावर मनुष्यहानी भयंकर झाली तरी त्या लढाईने मराठ्यांच्या सत्तेचा निकाल लावला नाही, असे सरदेसायांचे मत होते. त्या संहारातून वाचलेले नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांनीच पुढे राज्य सावरले आणि दहा-अकरा वर्षांतच शाहआलम बादशहा मराठ्यांच्या आधाराने दिल्लीत परतला, हा त्यांचा आधार. यदुनाथांनी हे मत स्पष्ट शब्दांत नाकारले. मला स्वतःला या वादात यदुनाथांची बाजू अधिक पटते, कारण गमावलेली पिढी आणि गमावलेला दरारा महादजींच्या कर्तबगारीने पुरता भरून निघाला नाही. परंतु हा वाद त्यांच्या मैत्रीच्या आड आला नाही, आणि १९५८ व १९५९ अशा लागोपाठच्या वर्षी दोघे गेले तोपर्यंत ती टिकून होती.

सरदेसायांच्या लेखनात उणिवा आहेत आणि त्या झाकण्याची मला गरज वाटत नाही. रयत, शेतसारा, बाजारपेठा, बलुतेदार यांचे जग त्यांच्या ग्रंथात फारसे उतरत नाही. राजे, पेशवे, सरदार आणि त्यांचे कारभारी यांच्याभोवतीच कथन फिरते. संभाजीराजांच्या खंडाला त्यांनी ‘उग्रप्रकृति संभाजी’ असे नाव दिले आणि राजारामाच्या खंडाला ‘स्थिरबुद्धि राजाराम’. एका विशेषणाने माणसाचा निवाडा करण्याची ही रीत आज खटकते, आणि संभाजीराजांच्या बाबतीत तर ती बखरींच्या प्रभावातून आलेली होती. पुढे वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी अस्सल साधनांच्या आधारे ते चित्र बदलले. पण बेंद्र्यांचे काम किती मोठे आहे, हे मला आधी सरदेसाई वाचले होते म्हणूनच समजले. कोणीतरी सगळी हकीकत एकदा मांडून ठेवली होती, म्हणून तिच्यात नेमके काय दुरुस्त झाले ते दिसले.

स्नेह्यांशी त्या दिवशी एकमत झाले नाही. भाचीला मी एवढेच सांगितले की, पानिपत प्रकरण प्रथम ‘रियासती’त वाच, मग पेशवे दप्तराच्या दुसऱ्या खंडातली त्याच मोहिमेची पत्रे समोर ठेव, आणि सरदेसायांनी कोणते पत्र कसे वाचले ते स्वतः ताडून पाहा. तिने थोडे दिवस घेतले. परवा तिचा फोन आला : पत्रांतल्या तिथ्या लावताना अडते आहे, आणि मोडी शिकण्याचा वर्ग जवळपास कुठे आहे का, असे ती विचारत होती.