यहूद्यांचा द्वेष चर्चने शिकवला, तो चर्चनेच पुसला पाहिजे

‘यहूद्यांनी प्रभूला मारलं.’ उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपदेशात हे वाक्य इतक्या सहज येऊन जातं की कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही. माझ्या पडते, आणि त्याबद्दल आज सविस्तर लिहायचं आहे.

क्रुसाची शिक्षा देणारा पंतय पिलात रोमी सुभेदार होता, खिळे ठोकणारे त्याचे सैनिक होते. मंदिरातल्या काही वरिष्ठांनी येशूला त्याच्या हवाली केलं, हे शुभवर्तमानात आहेच, ते मी लपवत नाही. पण क्रुसावरचा येशू यहूदी. क्रुसाजवळ उभी असलेली त्याची आई यहूदी. प्रेत मागायला पिलाताकडे जाण्याचं धैर्य दाखवणारा अरिमथाईकर योसेफही यहूदीच. मग अख्ख्या समाजावर, तेही त्यानंतरच्या दोन हजार वर्षांतल्या प्रत्येक पिढीवर, हा दोष कुठल्या न्यायाने ठेवला?

आणि येशूचं यहूदी असणं फक्त जन्मापुरतं नव्हतं. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली. शब्बाथाला, म्हणजे यहूद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, तो आपल्या रिवाजाप्रमाणे सभास्थानात (यहूद्यांच्या प्रार्थनागृहात) जायचा, नासरेथात त्याने उभं राहून यशयाचा ग्रंथपट वाचला. रक्तस्रावाने बारा वर्षं पीडलेली बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते, आठवतं ना? तो गोंडा म्हणजे जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितलेला, देवाच्या आज्ञांची आठवण राहावी म्हणून कपड्याच्या टोकाला लावायचा गोंडा. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर त्याने दिलेलं उत्तर जुन्या करारातल्याच ‘अनुवाद’ आणि ‘लेवीय’ या पुस्तकांतलं आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणं ही ‘ख्रिस्ती’ शिकवण आणि जुना करार म्हणजे नुसता कोप, असं सांगणाऱ्यांनी लेवीय 19:18 उघडून बघावं.

परूश्यांचंही, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचंही, तेच. आपण त्यांना ढोंगीपणाचा शिक्काच मारून टाकला आहे. पण हेरोद तुला मारायला टपला आहे, इथून निघून जा, असा इशारा येशूला देणारे परूशीच होते (लूक 13). प्रेषितांना सोडून द्या म्हणणारा गमलियेल परूशी होता. पौल तर शेवटपर्यंत स्वतःला परूशी म्हणवत होता.

मग हा तिरस्कार आला कुठून? माझं ठाम मत आहे की तो लोकांतून वर आला नाही, व्यासपीठावरून खाली आला. प्राचीन सीरियातल्या अंत्युखिया शहरात 386-87 साली योहान ख्रिसोस्टोम या नामांकित धर्मगुरूने यहूद्यांविरुद्ध अत्यंत विखारी प्रवचनं केली. कारण काय? त्याच्याच मंडळीतले लोक यहूद्यांच्या सणाला त्यांच्या सभास्थानात जात होते. साध्या ख्रिस्ती माणसांना शेजाऱ्याची अडचण नव्हती, अडचण धर्मगुरूला होती.

प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याचं तर फार वाईट वाटतं. 1523 मध्ये त्याने लिहिलं की येशू जन्माने यहूदी होता, या लोकांशी प्रेमाने वागा. पण 1543 मध्ये त्याच हाताने लिहिलं की त्यांची सभास्थानं जाळा, घरं पाडा, प्रार्थनेची पुस्तकं हिसकावून घ्या. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत सभास्थानं खरोखर जळाली, तेव्हा थुरिंगियाच्या बिशपने ल्यूथरचे हेच उतारे छापून वाटले. पुढच्याच वर्षी आयझेनाखमध्ये प्रोटेस्टंट मंडळ्यांनी चर्चजीवनातून यहूदी प्रभाव काढून टाकण्यासाठी एक संस्था उघडली. तिच्या लोकांनी गीतपुस्तकातून ‘हालेलूया’ खोडलं, येशूच्या यहूदीपणाच्या खुणा पुसलेला नवा करार छापला. हे काम गुंडांनी नाही, ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकांनी केलं. मुळं तोडत गेलं की शेवटी हातात काय उरतं, ते इथे स्वच्छ दिसतं.

त्याच काळात फ्रान्समधल्या ल शाँबों गावात पाळक आंद्रे त्रोक्मे वेगळंच सांगत होते. ऐकणारे शेतकरी, दुकानदार, शिक्षक. त्यांनी यहूदी मुलांना, कुटुंबांना घरात आणि शेतावर आसरा दिला. हेसुद्धा एका व्यासपीठामुळेच झालं.

इतिहासकार ज्यूल इझाक स्वतः यहूदी होते, त्यांची बायको आणि मुलगी आउशवित्झमध्ये मारली गेली. लपून राहताना त्यांनी शुभवर्तमानं बारकाईने अभ्यासली आणि चर्चने तिरस्कार कसा शिकवला ते दाखवून दिलं. 1960 मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले. 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकन परिषदेचा ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा आला: येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहूद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, आजच्या यहूद्यांवरही नाही. बाजूने 2221 मतं, विरोधात 88. इतकी साधी गोष्ट लिहून द्यायला एकोणीस शतकं लागली, याची मला लाज वाटते.

आता दुसरं टोक, तेही मला खटकतं. काही जण यहूद्यांवर फार प्रेम दाखवतात, पण त्यांचं सगळं लक्ष शेवटच्या काळाच्या वेळापत्रकावर असतं. इस्रायलमध्ये युद्ध पेटलं की यांना भविष्यवाणी पूर्ण होताना दिसते, मरणारी माणसं दिसत नाहीत, ना यहूदी, ना पॅलेस्टिनी. कुठल्याही सरकारवर टीका करा, इस्रायलच्याही करा, तो वेगळा विषय आहे. पण यहूदी माणूस आपल्या भाकिताचा पुरावा म्हणून जन्माला आलेला नाही.

रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल अन्यजातींतून, म्हणजे यहूदी नसलेल्यांतून, आलेल्यांना, म्हणजे आपल्यालाच, बजावतो की तू कलम केलेली रानटी फांदी आहेस, फुशारकी मारू नकोस, मुळाला तू उचलून धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलं आहे. हा अध्याय उपदेशाला किती वेळा घेतला जातो?

पाळकांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. उत्तम शुक्रवारी योहानाचे अठरा आणि एकोणीस अध्याय वाचण्याआधी दोन मिनिटं घ्या. तिथे ज्यांना ‘यहूदी’ म्हटलं आहे, त्यांत बऱ्याच ठिकाणी यरुशलेमेतले अधिकारी अभिप्रेत आहेत, हे मुलांसमोर स्पष्ट सांगा. आणि मुलांकडून दुःखसहनाची नाटिका बसवून घेताना पिलाताला हात धुवून सुटू देऊ नका.