‘सहा घड्याळे विसरा’ : विद्यार्थी वैमानिकांमध्ये फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

नागपुरातल्या विद्यार्थी वैमानिकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. मी इथे विद्यार्थ्यांना ग्राउंड विषय शिकवतो, त्यामुळे तो एकाच आठवड्यात चार जणांकडून माझ्याकडे आला, आणि चौघांचाही प्रश्न एकच होता : ‘सर, हे खरे आहे का?’ संदेशात पाच दावे आहेत. ग्लास कॉकपिट, म्हणजे काट्यांऐवजी पडदे असलेले कॉकपिट, आल्यामुळे वेग, उंची, दिशा वगैरे दाखवणारी जुनी सहा घड्याळे शिकणे हा वेळेचा अपव्यय आहे. जीपीएस वेग आणि उंची अधिक अचूक सांगतो, म्हणून हवेतला वेग दाखवणारा एअरस्पीड इंडिकेटर आणि उंची दाखवणारा अल्टीमीटर परीक्षेपुरतेच उरले आहेत. वेगाचा काटा घड्याळावरच्या हिरव्या पट्ट्यात असेल तर विमान स्टॉल होत नाही, म्हणजे पंखांची उचल जात नाही. छोटे विमान अंगाच्या अंदाजाने उडवता येते, विमान किती कलले आहे ते दाखवणारे कृत्रिम क्षितिज फक्त ढगात शिरणाऱ्यांसाठी असते. आणि होकायंत्र हे शोभेचे उरले आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, पण पहिल्या सोलोच्या (एकट्याने करायच्या उड्डाणाच्या) उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींनी हे मनावर घेतले तर त्याची किंमत त्यांना मोजावी लागेल, म्हणून एकेक दावा तपासतो.

पहिल्या दाव्यात एक गोष्ट बरोबर आहे. आजच्या पडद्यांवरचे कृत्रिम क्षितिज व्हॅक्यूम पंपावर फिरणाऱ्या भोवऱ्याच्या भरवशावर नसते, आणि तो पंप बंद पडण्याचा जुना त्रास त्यामुळे संपला. पण पडद्यावरचा वेग आणि उंची कुठून येते? सेसना १७२ मध्ये जुनी घड्याळे असोत की पडदा, डाव्या पंखाखाली तीच पिटॉट ट्यूब (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी) असते आणि पुढच्या भागात डाव्या अंगाला तेच स्टॅटिक पोर्टचे (भोवतालच्या हवेचा दाब घेणारे) बारीक छिद्र असते. पूर्वी त्यांतला दाब थेट घड्याळातल्या पातळ धातूच्या डबीपर्यंत जात असे, आता तो एअर डेटा कॉम्प्युटरकडे जातो, एवढाच फरक. नळी बुजली तर काटाही खोटे बोलतो आणि पडदाही. फरक असलाच तर असा, की पडद्यावरचा आकडा इतका रेखीव दिसतो की त्याच्यावर शंका घ्यायची बुद्धी होत नाही.

आपल्याकडे नळी बुजवण्याचे काम बर्फापेक्षा कुंभारीण करते. घराच्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणारी तीच माशी. माझी एक विद्यार्थिनी दोन दिवस आच्छादनाशिवाय उभ्या राहिलेल्या विमानात बसली. बाहेरच्या फेरीत तिने नळीकडे पाहिले होते, पण नळीच्या तोंडात डोकावून पाहिले नव्हते. पूर्ण पॉवर दिली, विमान धावू लागले, आणि जिथे ‘एअरस्पीड अलाइव्ह’ (वेगाचा काटा हलू लागला) म्हणायचे तिथे तिच्या तोंडून शब्दच निघेना, कारण काटा शून्यावरच होता. तिने लगेच थ्रॉटल मागे घेतला आणि विमान थांबवले. नंतर इंजिनिअरने नळीतून चिमूटभर सुकी माती काढली. ‘सर, काटा जागचा हललाच नाही, म्हणून मीही हलले नाही,’ असे ती मला सांगत होती, आणि तिला हे सुचले याचे कारण नळीत काय मोजले जाते हे तिला ठाऊक होते.

तीच माती नळीच्या तोंडाबरोबर पाणी निचरायचे छिद्रही बुजवते, तेव्हा काय होते ते समजून घ्या. नळीत जमिनीवरचा दाब कोंडून राहतो. विमान वर जाते तसा स्टॅटिकचा दाब घटतो, दोहोंतले अंतर वाढते, आणि वेग याच अंतरावरून दाखवला जात असल्याने तो वाढत असल्याचा भास होतो. म्हणजे एअरस्पीड इंडिकेटर अल्टीमीटरसारखा वागू लागतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेले बर्गनएअरचे बोइंग ७५७ याच प्रकारे कोसळले आणि त्यातले १८९ जण दगावले. कॅप्टनच्या बाजूचा वेग चालत नाही हे धावपट्टीवरच कळले होते, तरी उड्डाण थांबवले गेले नाही. नळी बहुधा अशाच माशीच्या घरट्याने बुजली असावी, असे तपासात म्हटले गेले. आधुनिक पडद्यांच्या त्या विमानात आणि सोनेगावच्या, म्हणजे नागपूर विमानतळाच्या, ॲप्रनवर (विमाने उभी करायच्या जागेवर) उभ्या सेसनात या बाबतीत काहीच अंतर नाही.

ग्लास कॉकपिट आपोआप सुरक्षित असते, या समजुतीबद्दलही एक नोंद हवी. अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने २०१० मध्ये हलक्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी होते, पण प्राणघातक अपघातांचा दर जास्त होता. पडदा वाईट आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. त्या विमानांचा वापर वेगळ्या, लांबच्या प्रवासांसाठी होत होता आणि त्यांच्या प्रशिक्षणाकडे अधिक लक्ष हवे, असेही त्याच अभ्यासात म्हटले आहे.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ थांबतो. जीपीएस जमिनीच्या संदर्भातला वेग सांगतो. पंखाला जमीन ठाऊक नसते, त्याला त्याच्यावरून वाहणारी हवा ठाऊक असते. मे महिन्यातली एक दुपार घ्या. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, एका टप्प्यावर १५ नॉटचा (ताशी १५ सागरी मैलांचा) वारा पाठीमागून आहे, फ्लॅप (पंखामागच्या, कमी वेगात उचल वाढवणाऱ्या झडपा) अजून उतरवलेले नाहीत आणि जीपीएसवर ६५ नॉट दिसताहेत. आकडा पाहून विद्यार्थी निर्धास्त. हवेतला खरा वेग मात्र ५० नॉट आहे. त्यात नागपूरचे ४५ अंश तापमान धरा. विमानतळ समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर आहे, पण एवढ्या तापलेल्या हवेत विमानाला वाटते की आपण सुमारे ४,९०० फुटांवर आहोत, आणि हवेचा दाब सरासरीपेक्षा कमी असेल तर त्याहून वर. त्या विरळ हवेत ५० नॉट खऱ्या वेगाला एअरस्पीड इंडिकेटर ४६ ते ४७ नॉटच दाखवील. सेसना १७२एस मध्ये हिरवा पट्टा सुरू होतो ४८ ला. म्हणजे जीपीएसवर सुखरूप दिसणारा विद्यार्थी पूर्ण वजनाच्या विमानात, एकही वळण न घेता, स्टॉलच्या हद्दीत शिरलेला आहे. एअरस्पीड इंडिकेटर हवेचा दाब मोजतो आणि पंखालाही त्याच दाबाशी देणेघेणे असते. म्हणून तो ‘चुकीचा’ दाखवतो तेच नेमके आपल्या कामाचे असते.

उंचीचेही तसेच. अल्टीमीटर उंची मोजत नाही, दाब मोजतो आणि तो फुटांत लिहून दाखवतो. बाजूच्या छोट्या खिडकीत क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबात सांगितलेला तिथला हवेचा दाब) लावला की सोनेगावच्या धावपट्टीवर उभ्या विमानात काटा १,०३३ च्या आसपास यायला हवा, आणि जमिनीपासून १,००० फुटांचे सर्किट म्हणजे काट्यावर साधारण २,०३०. आता समजा, खरा क्यूएनएच १००३ हेक्टोपास्कल (दाबाचे एकक) आहे आणि खिडकीत १०१३ तसाच राहून गेला. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट धरले तर काटा २८० फूट जास्त दाखवतो. २,०३० दिसत असताना तुम्ही जमिनीपासून जेमतेम ७२० फुटांवर असता. उन्हाळ्यात इथे सकाळ आणि दुपार यांच्या दाबातच तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक पडतो, म्हणजे सकाळी लावलेला आकडा दुपारी परतताना सुमारे शंभर फुटांनी चुकू शकतो. टॉवर प्रत्येक वेळी क्यूएनएच सांगतो तो याचसाठी. तो ऐकून परत बोलणे ही औपचारिकता नव्हे.

‘मग जीपीएसची उंची अचूक आहे ना, तीच धरू’ असे संदेश म्हणतो. ती कदाचित अचूक असेलही. पण आकाशातली विमाने एकमेकांपासून दूर ठेवली जातात ती अल्टीमीटरच्या हिशेबाने. ४५ अंशांच्या हवेत काट्यावरचे सर्किट प्रत्यक्षात १,१०० फुटांच्या आसपास असते, आणि सगळ्यांचा काटा सारखाच चुकतो म्हणून कोणाचे बिघडत नाही. त्यात एकटा विद्यार्थी जीपीएसचे १,००० फूट धरून उडाला तर तो बाकीच्यांपेक्षा शंभर फूट खाली, वेगळ्याच पातळीवर फिरत राहील, आणि वरच्या विमानाला तो आपल्या नाकाखाली दिसणार नाही.

तिसरा दावा, हिरव्या पट्ट्यात स्टॉल होत नाही, हा अर्धवट वाचनाचा परिणाम आहे. हिरव्या पट्ट्याची खालची कड म्हणजे पूर्ण वजनात, फ्लॅप वर असताना, सरळ उड्डाणातला स्टॉलचा वेग. स्टॉल होतो तो पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन मर्यादेबाहेर गेला की, वेग कितीही असो. उंची राखत ६० अंशांचा बँक (बाजूचा कल) दिला की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग १.४१ पट, ४८ चे ६८ होतात. ६८ चा आकडा हिरव्या पट्ट्यात चांगला आत आहे. शेवटच्या वळणावर धावपट्टी ओलांडून जातेय असे दिसताच वळण आवळणाऱ्या हाताला हे गणित आधीच ठाऊक असले पाहिजे, तिथे मांडायला वेळ नसतो. त्याच क्षणी, वळण नीट आहे की घसरते ते दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटरमधला चेंडू मध्यावर आहे का, हेही पाहायचे असते, कारण घसरत्या वळणात एक पंख आधी स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये जाते, म्हणजे गिरक्या घेत खाली येते.

अंगाच्या अंदाजाबद्दल मी फार लिहीत नाही, कारण याचा निकाल १९५४ मध्येच लागला. इलिनॉय विद्यापीठात यंत्रांवरच्या उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला सांगितले. विसाच्या विसांच्या हातून विमान सुटले, सरासरी १७८ सेकंदांत. आपल्या कानातल्या द्रवाला सावकाश सुरू झालेले वळण कळतच नाही. ते लांबले की अंग म्हणते आपण सरळ आहोत, आणि सरळ केले की अंग म्हणते आपण उलट बाजूला वळलो. यासाठी ढगात शिरायची गरज नाही. मे महिन्यातल्या दुपारी धुळीने क्षितिज पुसले जाते, डिसेंबरातल्या सकाळी अंबाझरीवरचे धुके आणि आकाश एकाच रंगाचे होते, तेव्हा काही मिनिटे हेच घडू शकते. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) लागणाऱ्या २०० तासांत यंत्रांवरचे १० तास सक्तीचे आहेत, ते उगाच नाहीत. आणि सरावाच्या वेळी डोळ्यांवर बाहेरचे दिसू न देणारे हूड असताना त्याच्या फटीतून बाहेर डोकावणारा विद्यार्थी इन्स्ट्रक्टरला फसवत नसतो, स्वतःला फसवत असतो.

राहिले होकायंत्र. पंपावर चालणारा, विमानाची दिशा दाखवणारा हेडिंग इंडिकेटर स्वतः दिशा शोधत नाही, त्याला दिशा सांगावी लागते. घर्षणाने तो सरकतो, शिवाय पृथ्वीच्या फिरण्यामुळे नागपूरच्या २१ अक्षांशावर तासाला पाच अंशांहून थोडा अधिक सरकतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवायचा, तेही विमान सरळ, समतल आणि एका वेगात असताना, कारण पूर्व-पश्चिम दिशेला जाताना वेग वाढवला की होकायंत्र उत्तरेकडे वळल्याचे दाखवते आणि वेग कमी केला की दक्षिणेकडे. आणि पडद्याच्या विमानात वीज पूर्ण गेली तर, विजेविना चालणारे असे दिशा दाखवणारे एकच यंत्र विमानात उरते. ते काचेच्या वरच्या कडेला टांगलेले असते. त्याच्या शेजारच्या कार्डावर त्याच विमानापुरत्या चुका अंशांत लिहिलेल्या असतात. उद्या सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ते कार्ड एकदा वाचून घ्या.