पावणेतीन किलो

संज्याचा लॅपटॉप काट्यावर ठेवायची कल्पना वैशालीची. साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बोळात काकांचं किराणा दुकान आहे आणि त्याच्या पायरीला लागून आमचा कट्टा. संज्या बचत गटांना हिशेब शिकवायला आठवड्यातले चार दिवस दहिवडी-म्हसवडकडे जातो, एसटीनं. खांदा गेला म्हणून अर्धा तास रडत होता. लॅपटॉप बदलायचा म्हणे. बजेट पंचवीस हजार, छोटा पाहिजे, हलका पाहिजे.

"आत्ताचा किती किलोचा आहे, ते तरी माहितीय का?" वैशालीनं विचारलं.

"असेल दोन किलो."

काकांनी गुळाची ढेप बाजूला सरकवली. पंधरा इंची धूड काट्यावर बसलं. २.२४०. "आता चार्जर ठेव," वैशाली म्हणाली. २.६९०.

"एवढा गूळ रोज घेऊन हिंडतोस होय रे?" काका.

जाहिरातीत छापलेलं वजन चार्जर सोडून असतं, हे आमच्या डोक्यात शिरलं ते असं.

उम्याचं मत ठाम होतं. नवाच घ्यायचा. "पंचवीसमध्ये नवा कोरा मिळतो, वर्षाची वॉरंटी. दुसऱ्याचं उष्टं कशाला?"

इथं मला तोंड उघडावंच लागलं, कारण ही हौस मी करून बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही. छोटा, गोंडस, सव्वा किलोचा. आत एसएसडी, म्हणजे फायली साठवायची वेगवान डिस्क, नाही तर ईएमएमसी, म्हणजे मोबाईलमध्ये असते तसली बोर्डावर डकवलेली मेमरी, तीही ३२ जीबी. रॅम ४ जीबी, तीही तशीच डकवलेली. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ते म्हणायचं, जागा नाही, पेन ड्राइव्ह लाव. पेन ड्राइव्ह लावून अपडेट करणारा लॅपटॉप घेऊन मी दोन वर्षं मिरवलो. वाढवायचं म्हटलं तर काहीच निघत नव्हतं.

"ते जुनं झालं. आता ६४ जीबी देतात," उम्या म्हणाला.

"विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीच आहे," वैशाली म्हणाली. "म्हणजे घरात शिरता येतं, पाय पसरता येत नाहीत."

मग उम्या २००७ सालात गेला. आसुसचं ते ईई पीसी, सात इंची, किलोच्याही आतलं, आत विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम आणि अवघी ४ जीबीची जागा. पुढं दोन-तीन वर्षं असल्या छोट्या लॅपटॉपांचं, नेटबुकांचं, पेवच फुटलं होतं. त्याच्या मते जग तिथंच थांबायला हवं होतं. त्या कीबोर्डवर संज्याची बोटं कशी मावणार, यावर मात्र तो गप्प झाला. संज्याची बोटं म्हणजे वसईची केळी.

एवढ्यात पम्या आला. पम्या दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, आणि त्याच्या पाठीवर नेहमी कुणाचा तरी लॅपटॉप असतो. त्याचा मुद्दा साधा: मोठ्या कंपन्या साहेबलोकांना देतात ती साडेबारा इंची मशिनं, चार-पाच वर्षांनी लॉटमध्ये विकली जातात. ती घ्यायची. कीबोर्ड दणकट, बिजागरी धातूची, आणि मागचे स्क्रू काढले की बॅटरी बदलता येते.

"थिंकपॅड एक्स २७० घे," तो म्हणाला. "एक बॅटरी आत, एक मागं. मागची चालू मशिनवर काढायची, दुसरी ठोकायची. एसटीत प्लग शोधायला नको."

कल्पना भारी होती. मी तर जवळजवळ स्वतःसाठीच ठरवून टाकलं. पण वैशालीनं प्रोसेसर कितव्या पिढीचा ते विचारलं. सहावी नाहीतर सातवी. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स टाकता येईल, पण संज्याला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि टॅली विंडोजवर चालतं. क्रोमबुकचा, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या सिस्टीमवर चालणाऱ्या स्वस्त लॅपटॉपचा विषयही त्याच वाक्यात मिटला.

"मग हे बघ." पम्यानं पाठीवरची सॅक काढली. डेल लॅटिट्यूड ७२९०, आठवी पिढी, रॅमची पट्टी सुटी, एसएसडी सुटी, टाइप-सी वर चार्ज होतो. काट्यावर १.३१०. चार्जरसकट १.६६०. म्हणजे खांद्यावरनं किलोभर उतरलं.

संज्या पायरीवर बसला, सॅक मांडीवर, त्यावर लॅपटॉप, पुढं गुडघ्याला टेकेल असं खोकं लावलं. एसटीची सीट. पंधरा इंचीचा पडदा पुढच्या पाठीला थटून अर्धाच उघडायचा, हा सरळ उघडला. उन्हात धरला तेव्हा मात्र त्यात पडद्याऐवजी संज्याच जास्त दिसत होता.

"बॅटरी एकदम फ्रेश," पम्या म्हणाला.

"कमांड प्रॉम्प्ट उघड," वैशाली म्हणाली. "पॉवरसीएफजी, जागा सोड, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट."

रिपोर्टची फाईल उघडली. मूळ क्षमता ६०,००० मिलिवॉट-तास. आता पूर्ण भरल्यावर ३८,०००.

"म्हणजे अडतीस वॉट-तास. लॅपटॉपनं सात वॉट खाल्ले तर साडेपाच तास," मी हिशेब केला. "दहिवडीला जाऊन यायला पुरेल."

"पुरेल," वैशाली म्हणाली, "पण फ्रेश नाही. पम्या, नवी बॅटरी घालून भाव सांग."

पम्यानं डोकं खाजवलं. "ती माझ्या हातात नाही गं, मालकाला विचारतो."

"विचार. आणि कॅश नाही, बिल पाहिजे म्हणावं. सहा महिन्यांची वॉरंटी बिलावर लिहून."

उम्या म्हणाला, "बघा, शेवटी वॉरंटीच."

मागं एक आजी पिशवी धरून केव्हाच्या उभ्या होत्या. काकांनी चार्जर उचलून संज्याच्या हातात दिला, काटा शून्यावर आणला आणि विचारलं, "तुमचं काय? साखर किती?"