आईच्या कपड्यांचा विचार सकाळी सातला करायचा नसतो

मुले लहान असताना बाईने स्वतःच्या कपड्यांकडे थोडे लक्ष दिले की "एवढं नटून कुठे निघालीस?" असे विचारले जाते, आणि लक्ष दिले नाही तर "काय अवतार करून घेतला आहेस" असेही तीच माणसे म्हणतात. ही दोन्ही बोलणी बाजूला ठेवून मला एक मत ठामपणे मांडायचे आहे. घर, मुले आणि नोकरी किंवा शेती सांभाळणाऱ्या आईला रोज टापटीप राहता येते. त्यासाठी कपाटभर कपडे लागत नाहीत, फार पैसे लागत नाहीत आणि सकाळचा जास्तीचा वेळ तर मुळीच लागत नाही. लागतात ते काही निर्णय, आणि ते निवांतपणी, आधीच घेऊन ठेवलेले असावे लागतात. एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर भाजी, दाराशी शाळेच्या व्हॅनचा हॉर्न, अशा वेळी कपाट उघडून "आज काय घालू" हा प्रश्न जिला पडेल, तिच्या हाताला जे लागेल तेच अंगावर चढणार. त्यात तिचा आळस नसतो की अडाणीपणा नसतो.

मी जळगावात राहते आणि नोकरी करते. कपड्यांविषयीचे बहुतेक सल्ले मुंबई-पुण्याच्या हवेत लिहिलेले असतात, म्हणून हे मुद्दाम खानदेशातल्या मैत्रिणींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपल्याला स्कार्फ गुंडाळून, सनकोट चढवून गाडीवर जायचे असते, रस्त्यात काळ्या मातीची धूळ असते, आणि बऱ्याच घरांत बोअरच्या जड पाण्यात कपडे धुवायचे असतात. एकावर एक तीन कपडे घालण्याची जी छायाचित्रे आपण मोबाइलवर पाहतो, ती इथे डिसेंबर-जानेवारीखेरीज उपयोगाची नाहीत. इथल्या आईच्या टापटिपीची सुरुवात कापडापासून होते.

ज्या भागाच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, त्याच भागातल्या बायका उन्हाळाभर पॉलिस्टरमध्ये घामाघूम होतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. त्याचे कारण उघड आहे. सुरत आपल्याला जवळ, नंदुरबारहून तर रेल्वेने थेट, आणि तिथले कृत्रिम धाग्याचे कापड स्वस्त, चमकदार व इस्त्रीची फारशी गरज नसलेले. पण सुती कापड हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के धरून ठेवते आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, म्हणून घाम अंगावरच राहतो, कापड पाठीला चिकटते आणि दुपारी बाराच्या आतच सगळी शोभा जाते. रेयॉन हा मधला मार्ग आहे. ते लाकडाच्या लगद्यापासून बनते, ओल धरते, अंगावर छान पडते. मात्र ओले असताना ते कमकुवत होते, म्हणून पिळू नये, आणि आटते, म्हणून अगदी बेताच्या मापाचे घेऊ नये. बाजारात कापड हातात आल्यावर चमक पाहू नये. मुठीत धरून चुरगाळावे, मूठ सोडावी आणि सुरकुत्या किती राहतात ते पाहावे. उजेडासमोर धरून आरपार किती दिसते तेही पाहावे. महात्मा फुले मार्केटमधले अनुभवी दुकानदार असे पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या गठ्ठ्यातले कापड आपणहून काढून दाखवतात.

आता कपाटाविषयी. आपल्याकडच्या बायकांची कपाटे भरलेली असतात आणि रोज घालायला काही नसते, कारण निम्मे कपाट देण्याघेण्याच्या साड्यांनी अडलेले असते. लग्नात, बारशाला, गृहप्रवेशाला आहेर म्हणून आलेली साडी आपण निवडलेली नसते. ती आपल्या रंगाची नसते, आपल्या कामाची नसते, पुढच्या आहेरात देता येईल म्हणून ती वर्षानुवर्षे तिथे पडून राहते. या सगळ्या साड्या एका पेटीत काढून ठेवाव्यात आणि कपाटाचा एक कप्पा केवळ रोजच्या कपड्यांसाठी मोकळा करावा. त्या कप्प्यात जे बसत नाही, जे दाटते, ज्याचे बटण तुटले आहे, जे बारीक झाल्यावर घालू म्हणून ठेवले आहे, ते राहू देऊ नये. बाळंतपणानंतर शरीर बदलते, ते काही वेळा पुन्हा पहिल्यासारखे होते, काही वेळा होत नाही. दोन्ही गोष्टी ठीक आहेत. पण जुन्या मापाचा कुर्ता रोज सकाळी समोर टांगलेला दिसला की तो रोज मन खट्टू करतो, आणि हे दुखणे स्वतःहून जवळ बाळगण्याचे काही कारण नाही.

मापाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण माझ्या मते रोजच्या दिसण्यातला निम्मा फरक तिथेच पडतो. चारशे रुपयांचा कुर्ता खांद्यावर नीट बसला तर तो चार हजारांच्या ढगळ कुर्त्यापेक्षा चांगला दिसतो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. ती दंडावर उतरली की अंगावर दुसऱ्याचा कपडा असल्यासारखे वाटते. बाजूचा कट कमरेच्या फार वर सुरू झाला तर गाडीवर बसताना सारखा सावरावा लागतो, फार खाली झाला तर पाऊल मोकळे पडत नाही. तयार कुर्ता विकत घेतल्यावर त्याच आठवड्यात तो शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे नेऊन खांदा, मुंढा आणि बाही ठीक करून घेतली की पन्नास-शंभर रुपयांत तो आपला होतो. शिवायला टाकायचे असेल तर कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच द्यावे. अस्तर नंतर आटले की वरचे कापड फुगते आणि ब्लाऊजला सुरकुत्या पडतात. त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत.

आमच्या गल्लीतल्या ताई मापाचे जुने ब्लाऊज घ्यायला तयार नसतात. "मॅडम, हे तेव्हाचं माप आहे. अंगावरचं घेऊ," असे म्हणून त्या टेप काढतात, आणि ते मला फार पटते. शिवलेल्या कपड्यात आतून इंचभर माया ठेवायला सांगावी, म्हणजे वर्षभराने उसवून सैल करता येतो. कपडा घेऊन घरी येण्याआधी तो तिथेच घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, खाली वाकून मूल उचलल्यासारखे करावे, मग स्टुलावर बसावे. आरशासमोर सरळ उभे राहून सगळेच कपडे चांगले दिसतात, पण आई दिवसभरात सरळ उभी अशी किती वेळ असते? बाळ अंगावर पीत असेल तर पुढे चेन किंवा बटणपट्टी असलेले कुर्ते शिवून घ्यावेत. चेन शिवणीत लपवता येते आणि कुठेही गेले तरी आडोसा शोधत बसावे लागत नाही.

रंगांचा प्रश्न सोपा करता येतो. खालचे कपडे, म्हणजे सलवार, पँट, लेगिंग, दोन-तीनच रंगांत घ्यावेत आणि वरचे कुर्ते असे निवडावेत की कोणताही कुर्ता कोणत्याही सलवारीवर चालेल. पांढरा रंग मात्र खालच्या कपड्यांना घेऊ नये. आपल्या धुळीत आणि जड पाण्यात तो काही धुण्यांतच पिवळट-करडा पडतो आणि मग नवा कुर्तासुद्धा जुना दिसतो. त्याऐवजी मातकट, बदामी, गडद निळा आणि काळा हे रंग इथे टिकतात. वरचा कुर्ता हवा तसा भडक, फुलाफुलांचा असू द्यावा. आपल्याकडच्या बायकांना रंग शोभतात आणि करड्या-फिकट कपड्यांनाच शिष्ट समजण्याची टूम मला मान्य नाही.

हे सगळे झाल्यावर उरतो तो आठवड्याचा एक तास. रविवारी दुपारी पाच-सहा जोड्या लावून ठेवायच्या, आणि जोडी म्हणजे पूर्ण जोडी: एकाच हँगरवर कुर्ता, सलवार, ओढणी आणि आतले कपडेसुद्धा. सकाळी एक हँगर काढायचा आणि विषय संपला. सुती कपडा किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. पूर्ण वाळला असेल तर पाणी शिंपडून, गुंडाळून थोडा वेळ ठेवावा. घाई असेल तर कॉलर किंवा गळपट्टी, बाह्या आणि समोरचा भाग एवढे तरी करावे, कारण पाठीवर दिवसभरात सुरकुत्या पडणारच असतात. सकाळी वीज गेली तर इस्त्री राहून जाते, म्हणूनही हे काम सकाळवर टाकू नये. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. आपल्या गच्चीवरचे ऊन रंग खाते. त्याच उन्हाचा एक फायदा आहे. हळदीचा डाग साबणाने धुऊन कडक उन्हात टाकला की फिका होत होत जातो, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही.

रोज साडी नेसणाऱ्या मैत्रिणींना हे सल्ले आपल्यासाठी नाहीत असे वाटू नये. चोपडा, पारोळा, शिरपूरकडच्या कितीतरी घरांत सुनेने साडीच नेसायची असते आणि कितीतरी जणींना ती मनापासून आवडतेही. साडीची निम्मी शोभा परकरावर असते. परकर घोट्यापर्यंत लांब, साडीच्या रंगाच्या जवळचा आणि घेर बेताचा असावा. फार घेराच्या परकरावर पातळ साडी फुगते. पदराच्या निऱ्या रात्रीच घालून, पिन लावून साडी हँगरवर ठेवली तर सकाळी नेसायला फार वेळ लागत नाही. सुती साडीला साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची हलकी खळ द्यावी. खळ घट्ट झाली तर साडी कागदासारखी उभी राहते. पैसे साठवून एखादी चांगली साडी घ्यायची असेल तर मी भरजरी साडीऐवजी महेश्वरी घ्यायला सांगेन. रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असल्याने ती हलकी असते, कार्यालयात चालते आणि कार्यातही चालते. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने वाढलेली ही कला सातपुड्यापलीकडे, नर्मदेकाठी, आपल्यापासून फार लांब नाही.

रावेर-यावल भागातल्या, शेतात राबणाऱ्या आयांसाठी एक वेगळी गोष्ट. केळीचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो आणि वाळल्यावर तपकिरी-काळा होतो. मग तो डाग कपडा फाटेपर्यंत सोबत राहतो. म्हणून बागेत जाण्याचे कपडे वेगळे, पूर्ण बाह्यांचे आणि गडद रंगाचेच असावेत, आणि घरी आल्यावर ते बदलण्याची सवय असावी. वेगळे कपडे म्हणजे फाटके कपडे असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. जुना पण धड, मापाचा कुर्ता आणि वरून नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट हे अतिशय सोयीचे आहे.

घरातल्या गाऊनविषयी माझे मत काहींना आवडणार नाही, तरी लिहिते. स्वयंपाकघरात गाऊन सोयीचा आहे, हे मला मान्य आहे. पण त्यावर ओढणी टाकून मुलाला व्हॅनपर्यंत सोडणे, दूध आणणे, दाराशी आलेल्यांशी बोलणे, असे करता करता पूर्ण दिवस त्यातच जातो आणि अचानक कोणी आले की बाई अवघडते. गाऊनइतकाच मोकळा, गुडघ्याखाली जाणारा सुती कुर्ता आणि पलाझो असे दोन जोड घरासाठी ठेवले तर तेवढाच वारा लागतो, तेवढेच वाकता येते आणि दार उघडताना ओढणी शोधावी लागत नाही. फोडणीच्या वेळी पुढे ॲप्रन बांधावा, म्हणजे तेच कपडे बाहेरही चालतात.

दागिन्यांचे फार सांगण्यासारखे नाही. सोन्याच्या जळगावात राहून हे लिहिणे काहींना विचित्र वाटेल, पण रोजच्यासाठी छोटे मंगळसूत्र, कानात घट्ट बसणारे टॉप्स आणि घड्याळ पुरेसे आहे. लोंबते कानातले कडेवरचे मूल ओढतेच. चपलेवरची धूळ निघताना ओल्या फडक्याने पुसावी. स्कार्फ काढल्यावर केस विस्कटतात, म्हणून गाडीच्या डिकीत कंगवा आणि क्लिप कायम असावी.

आणि पैशांचे. महिन्याच्या खर्चात शाळेची फी, किराणा, पेट्रोल यांना रकाना असतो, आईच्या शिवणावळीला नसतो. ती नेहमी काही उरले तर होते, आणि काही उरत नाही. दर महिन्याला थोडी का होईना ठरावीक रक्कम या नावाने बाजूला काढायला हवी, मग ती कुर्त्याच्या दुरुस्तीला जावो की नव्या परकराला. नवऱ्याचे शर्ट आणि मुलांचे गणवेश इस्त्रीवाल्याकडे जातात आणि आईने आपले कपडे रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, स्वतः करायचे, ही वाटणी बहुतेक घरांत कोणी मुद्दाम ठरवलेली नसते, ती पडत गेलेली असते. येत्या रविवारी इस्त्रीवाल्याकडे जाणारे गाठोडे बांधताना त्यात आपले कुर्ते आधी ठेवावेत.